वाचनालयाचे संकेतस्थळ आणि एकतीस हजार नोंदी

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ तयार करून देण्याचे काम मी मागच्या वर्षी घेतले. कोटेशनमध्ये मी बारा आठवड्यांची मुदत लिहिली होती. प्रत्यक्षात एकवीस आठवडे लागले. काम संपल्यावर मी माझी डायरी पुढे घेऊन कोणत्या कामाला किती दिवस गेले याचा हिशेब मांडला. त्यात असे दिसले की, रचना आणि प्रोग्रॅमिंग यांना मिळून ठरल्यापेक्षा फक्त चार दिवस जास्त लागले होते आणि उरलेला सारा उशीर मजकुराचा होता. मजकूर कोठे आहे, कोणत्या स्वरूपात आहे, तो कोण लिहिणार, कोण तपासणार आणि उद्या बदलायचा झाला तर कोण बदलणार, हे प्रश्न मी काम सुरू झाल्यावर विचारले, आणि ते कोटेशन देण्यापूर्वीच विचारायला हवे होते. संकेतस्थळाचे वेळापत्रक मजकुरावरून आखावे, या मतापर्यंत मी त्या नऊ आठवड्यांमुळे आले आहे.

कार्यकारी मंडळाच्या पहिल्या बैठकीत चर्चा मुखपृष्ठाचीच झाली. सरकती छायाचित्रे असावीत, इमारतीचा जुना फोटो वर यावा, रंग कोणता असावा, अध्यक्षांचे मनोगत कोठे घ्यावे, यांवर दीड तास गेला. त्यात वावगे काहीच नव्हते, कारण जे डोळ्यांना दिसते त्यावरच माणसे बोलू शकतात. परंतु वाचनालयाकडे सांगण्यासारखे खरे काय आहे, तर त्याचा ग्रंथसंग्रह. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला; त्या व्यवस्थेत अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते, त्यामुळे दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक ग्रंथाची क्रमवार नोंद, नीट ठेवण्याची शिस्त या संस्थांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आहे. या वाचनालयाच्या नोंदवह्यांत एकतीस हजारांवर ग्रंथ दाखल होते आणि गावातल्या वाचकाला घरबसल्या ‘अमुक पुस्तक आहे का’ एवढेच कळायला हवे होते. ते कळण्यासाठी लागणारी यादी ‘कॉम्प्युटरवर आहे’ असे बैठकीत सांगितले गेले. मी ते वहीत लिहून घेतले आणि यादी न पाहताच वेळापत्रक तयार केले. माझी सगळ्यात मोठी चूक ती.

चौथ्या आठवड्यात मी एक साधा तक्ता केला. संकेतस्थळावरील प्रत्येक पानासाठी एक ओळ आणि पुढे पाच रकाने: मजकूर कोण देणार, कोण तपासणार, कोणत्या तारखेला देणार, सध्या तो कोणत्या स्वरूपात आहे, आणि संकेतस्थळ सुरू झाल्यावर तो कोण बदलणार. असे तक्ते मी पूर्वीही केले होते. पण शेवटचा रकाना या वेळी प्रथमच घातला आणि कामाला खरी दिशा त्यानेच दिली. बावीस पानांपैकी चौदा पानांसमोर तो रिकामा राहिला. ‘आगामी कार्यक्रम’ हे पान सर्वांना हवे होते, पण दर महिन्याला ते कोण भरणार याला उत्तर नव्हते. ‘छायाचित्र दालन’, ‘वाचकांचे अभिप्राय’ आणि ‘नवीन खरेदी’ यांचीही तीच गत होती. मी मंडळासमोर तो तक्ता ठेवला आणि ज्या पानांना पुढे धनी नाही ती आत्ता करू नयेत असे सुचवले. बावीसची अकरा पाने झाली. वर्षभरापूर्वीच्या कार्यक्रमाचे निमंत्रण पहिल्याच पानावर तसेच पडून असलेली संकेतस्थळे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तिथे कोणी आळस केला असे मला वाटत नाही, तो रकाना आधी भरून घेतलेला नसतो.

आता त्या यादीविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण एकवीसपैकी नऊ आठवडे तिने घेतले.

यादी एक्सेलमध्ये होती आणि ती जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टंकलेली होती. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणारी प्रमाण पद्धत. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती आणि विंडोज २००० पासून मंगल फॉन्टसह ती सर्वसाधारण संगणकावरही आली. तरी छापखान्यांत, डीटीपीच्या दुकानांत आणि कार्यालयांत जुने फॉन्ट पुढे अनेक वर्षे चालू राहिले, कारण टंकणाऱ्यांचे हात त्यांवर बसलेले होते. या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट त्यांच्या जागी फक्त देवनागरीची चित्रे काढतो. तो फॉन्ट नसलेल्या माझ्या लॅपटॉपवर ती फाइल उघडली तेव्हा पुस्तकांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांची गर्दी दिसली. अशा मजकुरात शोध घेता येत नाही, तो फोनवर वाचता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकासाठी तो मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला तर त्यातला एकही शब्द कळत नाही.

रूपांतर करणे म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरे घालणे, इतके ते सोपे नसते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी टंकलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलट: जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये ‘र्’ आधी असतो. ग, ण, श यांसारखी अक्षरे अर्धे अक्षर आणि काना अशा दोन तुकड्यांनी जोडलेली असतात. टंकणाऱ्याच्या सवयी वेगळ्याच. ‘ओ’ हे अक्षर कित्येक ठिकाणी ‘आ’ काढून त्यावर मात्रा देऊन उमटवलेले होते. कागदावर ते हुबेहूब ‘ओ’ दिसते, पण रूपांतरानंतर ‘आेळख’ असा शब्द तयार होतो आणि ‘ओळख’ शोधणाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

इथे मी एक चूक केली आणि ती एक आठवडा घेऊन गेली. फाइल हलकी व्हावी म्हणून मी ग्रंथपाल बाईंकडून ती सीएसव्ही स्वरूपात मागवली. सीएसव्हीमध्ये फक्त अक्षरे उरतात, फॉन्टची माहिती राहत नाही. २०११ च्या सुमारास वाचनालयातील टंकणारी व्यक्ती बदलली होती, आणि त्यानंतरच्या नोंदी दुसऱ्याच कंपनीच्या फॉन्टमध्ये होत्या. दोन्ही फॉन्टमध्ये एकाच कळीला वेगवेगळी चित्रे होती. कोणत्या कळीच्या जागी कोणते युनिकोड अक्षर घालायचे हे सांगणाऱ्या एकाच तक्त्यानुसार सगळी यादी रूपांतरित केल्यावर पहिल्या एकोणीस हजार नोंदी बऱ्यापैकी उतरल्या आणि पुढच्या बारा हजार नोंदींची अक्षरे देवनागरीच, पण शब्द निरर्थक झाले. रूपांतराच्या पडद्यावर हिरवी खूण होती, त्यामुळे ते ताबडतोब माझ्या लक्षात आले नाही. ते बाईंच्या लक्षात आले. त्यांनी एक पान वर सरकवले, थांबल्या आणि म्हणाल्या, “ताई, ही पुस्तके आपल्याकडची नाहीत.” मग मूळ एक्सेल फाइल परत घेऊन, प्रत्येक रकान्यात कोणता फॉन्ट वापरला आहे ते आधी वाचणारा छोटा प्रोग्रॅम मी लिहिला आणि त्याप्रमाणे दोन वेगवेगळे तक्ते वापरले. तेव्हापासून मजकुराची मूळ फाइल, ती कितीही जड असली तरी, मी जशीच्या तशी मागते आणि तिची एक प्रत कुलपात ठेवल्यासारखी बाजूला काढते.

रूपांतर बरोबर झाले हे ठरवायचे कसे, हेही वेळापत्रकात असावे लागते. एकतीस हजार नोंदी डोळ्यांखालून घालणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही प्रत्येक शंभरावी नोंद मूळ दाखल नोंदवहीशी ताडून पाहिली. तीनशे दहा नोंदी झाल्या आणि पहिल्या फेरीत त्यांतील बावीस चुकलेल्या निघाल्या. चुका वाचून त्यांची कारणे शोधली, नियम सुधारले, आणि दुसरी फेरी वेगळ्या नोंदींवर केली, कारण त्याच नोंदी पुन्हा तपासल्या तर नियम फक्त त्यांच्यापुरते बरोबर असल्याचे कळते. दुसऱ्या फेरीत चार चुका राहिल्या. त्या दुपारी मी आणि बाई वाचनकक्षाच्या मागच्या खोलीत समोरासमोर बसत असू. त्या नोंदवहीतून दाखल क्रमांक आणि नाव वाचत, मी पडद्यावर बघून ‘बरोबर’ म्हणे. नोंदवहीच्या जुन्या पानांच्या कडा इतक्या ठिसूळ होत्या की, बाई पान उलटताना खालून तळहाताचा आधार देत असत.

शोधाचे काम यानंतर सुरू झाले आणि इथे मला माझ्या व्यवसायापेक्षा ग्रंथपाल बाईंच्या अनुभवाचा उपयोग अधिक झाला. मराठीत एकच दिसणारा शब्द संगणकात अनेक प्रकारे साठवला जातो. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य काही कळफलक ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापासून तयार करतात, काही साध्या ‘र’ नंतर न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखे, संगणकाला भिन्न. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी आणि त्यानंतरही लोक ‘अ’ वर चंद्र देऊन ते लिहीत आले आहेत, काही वेळा मध्ये तेच अदृश्य चिन्ह घालून. म्हणून वाचक जे टंकतो ते आणि यादीत जे आहे ते, दोन्ही आधी एकाच रूपात आणून मग जुळवायचे असे आम्ही ठरवले. यात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द शोधापुरते एक होतात. मी त्याविषयी बाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की, वाचकाला दोन पुस्तके जास्त दिसली तर तो त्यांतून निवडेल, पण एकही दिसले नाही तर उठून जाईल. ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही शोधताना धरू नये ही सूचना त्यांचीच. चाळीस वर्षे खिडकीपाशी उभे राहून लोक पुस्तकाचे नाव बोलून मागत आले आहेत, कोणी कधी वेलांटी सांगितलेली नाही, असे त्यांनी सांगितले. पडद्यावर नाव मात्र नोंदवहीत आहे तसेच शुद्ध दिसते.

अकारविल्हे यादीचाही असाच प्रश्न आला. संगणकाच्या क्रमांकांनुसार लावली तर ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच नंतर येतो आणि ‘क्ष’ हा ‘क’ च्या पोटात जातो. आपली वर्णमाला शिकलेला माणूस मात्र ते दोन्ही ‘ह’ नंतर शोधतो. दीड दिवसाचे काम होते. कोटेशनमध्ये ते नव्हते, आणि ते वाढीव काम म्हणून मी लावलेही नाही, कारण मराठी संकेतस्थळ करायचे म्हटल्यावर मराठी अनुक्रम त्यात गृहीतच आहे.

वाढीव कामाविषयी मात्र मी काटेकोर आहे. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी आणि प्रत्येक नवी मागणी तिथे तारीख, मागणाऱ्याचे पद, लागणारे दिवस आणि रक्कम यांसह लिहावी, मग ती मान्य होवो अथवा न होवो. या कामात सतरा मागण्या नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या पाच झाल्या. ऑनलाइन वर्गणी भरण्याची सोय त्यांत नव्हती. वाचनालयाने खिडकीवर यूपीआयचा फलक लावला होता आणि तेवढ्याने काम भागत होते. वही असल्यामुळे कोणाला ‘नाही’ म्हणावे लागले नाही. मागणी लिहिली जाते, तिची किंमत दिसते, आणि मंडळ स्वतःच ठरवते. तसेच वर्क ऑर्डरमध्ये मंजुरीची सही कोणाची हे एकाच पदाच्या नावाने लिहून घ्यावे. आमच्या बाबतीत ते कार्यवाह होते. ते मितभाषी गृहस्थ आहेत. दर मंगळवारी सकाळी फोनवर पंधरा मिनिटे बोलत आणि संध्याकाळी ‘मान्य’ किंवा ‘बुधवारी कळवतो’ असा संदेश पाठवत. नऊ सभासदांच्या व्हॉट्सॲप गटात रंग ठरवण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

सभासदांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक अहवालात छापतात तसे संकेतस्थळावरही द्यावेत, अशी एक मागणी होती. तिला मी ठाम विरोध केला. छापील अहवाल गावात दोनशे घरी जातो, संकेतस्थळ सगळ्या जगाला खुले असते. शिवाय डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी त्यात पालकांची संमती आवश्यक धरली आहे. बालविभागाचे सभासद तर सगळे त्याच वयाचे. मंडळाने ते मान्य केले.

तंत्राची निवड लवकर झाली, म्हणून तिच्यावर फार लिहीत नाही. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली आणि २००० सालापासून वापरात असलेली कोहा ही मुक्त ग्रंथालय प्रणाली, तसेच एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेचे ई-ग्रंथालय, या दोहोंचा विचार केला होता. पण पुस्तकांची देवघेव अजून वहीवरच राहणार होती, त्यामुळे एवढी मोठी प्रणाली एका ग्रंथपालाच्या गळ्यात घालणे योग्य वाटले नाही. वर्डप्रेस या संकेतस्थळे तयार करण्याच्या साध्या प्रणालीवर शोधाची सोय जोडली. पुढे देवघेव संगणकावर आली तर शुद्ध झालेली यादी कोणत्याही प्रणालीत नेता येईल.

वाचनालयाचे या आधीही एक संकेतस्थळ होते, हे मला सहाव्या आठवड्यात कळले. ते ज्यांनी केले त्यांनी डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नोंदणीकृत नाव, स्वतःच्या नावावर घेतले होते. पुढे त्यांच्याशी संपर्क तुटला, नूतनीकरणाची सूचना त्यांच्याच ईमेलवर जात राहिली आणि नाव गेले. या वेळी डोमेन, होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची भाड्याची जागा) आणि त्यांचे ईमेल खाते वाचनालयाच्या नावाने घेतले, पासवर्ड बंद पाकिटात घालून कपाटात ठेवले आणि नूतनीकरणाची तारीख कार्यालयातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिली. बॅकअपही नुसता घेतला नाही. एका दुपारी चाचणीची प्रत मुद्दाम पुसून तो परत चढवून पाहिला. पहिल्या खेपेस छायाचित्रे आली नाहीत, त्यामुळे ते पाहिले ते बरे झाले.

चाचणी करताना मी माझा फोन वापरला नाही. वाचनालयाच्या शिपायाचा पाच वर्षांपूर्वीचा, काचेला तडा गेलेला अँड्रॉइड फोन घेऊन आम्ही बसस्थानकापर्यंत चालत गेलो आणि तिथे संकेतस्थळ उघडले. मुखपृष्ठ यायला अकरा सेकंद लागले. कारण उघड होते: सहा एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवले होते, आणि देवनागरीचा फॉन्ट जोडाक्षरांमुळे मुळातच जड असतो, त्याच्या पाच जाडी घेतल्या होत्या. फोटो दोनशे केबीच्या आत आणले, फॉन्टच्या दोनच जाडी ठेवल्या. बटणांवरच्या अक्षरांचे उकार खालून कापले जात होते, कारण ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापाने धरली होती, तीही वाढवली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तीन सेकंदांत पान आले.

संकेतस्थळ वाचनालयाच्या वर्धापनदिनाला खुले करायचे होते. तोवर सगळे तयार होणार नाही हे मला सातव्या आठवड्यात स्पष्ट दिसले आणि त्याच मंगळवारी मी ते कार्यवाहांना सांगितले. त्यांना वाईट वाटले. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर तयार होता. त्यावर आम्ही असे ठरवले की, त्या दिवशी वेळा, सभासदत्वाचे नियम, वर्गणी व अनामत, इतिहास आणि संपर्क ही पाच पाने खुली करावीत आणि ग्रंथशोध तपासून झाल्यावर स्वतंत्रपणे सुरू करावा. अर्धवट रूपांतरित यादी त्या दिवशी दाखवली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या, पण ‘आपल्याकडे नाही’ असे चुकीचे उत्तर मिळालेला वाचक परत शोधायला आला नसता. माझ्या हप्त्यांची रचनाही त्या दिवसापासून बदलली आहे: वर्क ऑर्डरबरोबर तीस टक्के, मजकूर तपासून ताब्यात आल्यावर तीस, खुले झाल्यावर तीस, आणि तीन महिन्यांनी उरलेले दहा. तारखेशी बांधलेला हप्ता मी आता ठेवत नाही.

हस्तांतरासाठी चार पानांची छापील मार्गदर्शिका मराठीत केली आणि ती बाईंच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवली. शिकवण्याच्या दिवशी मी माऊसला हात लावला नाही. सुट्टीची सूचना लावायला त्यांना पहिल्यांदा पंचवीस मिनिटे लागली, तिसऱ्यांदा चार.

तपासणीत असे आढळले की, सुमारे चौदाशे नोंदींमध्ये लेखकाचे नाव मुळातच टंकलेले नाही. त्या यादीतून वगळायच्या नाहीत, ‘लेखक: नोंद व्हायची आहे’ असे दाखवायचे, असे ठरले आणि दुपारी वाचनालय बंद असते त्या वेळात बाई रोज दहा नोंदी भरतात. या सोमवारी मी फोन केला तेव्हा त्या दाखल क्रमांक १८,२०६ पाशी होत्या. नोंदवहीच्या त्या पानावर शाई पसरून लेखकाचे नाव वाचता येत नव्हते, म्हणून त्या कपाटातून पुस्तकच काढून आणायला गेल्या होत्या.